चौपन्न पायऱ्यांवरच्या विमलताई

कुणाच्या दागिन्यांचा मला कधी हेवा वाटला नाही. कुणाच्या बंगल्याचा नाही, की परदेशात गेलेल्या मुलांचा नाही. आयुष्यात हेवा वाटला तो एकाच बाईचा, आणि तोही तिच्या गुडघ्यांचा.

विमलताई माने त्यांचं नाव. निजामपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि आम्ही तळमजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. तळापासून त्यांच्या दारापर्यंत चौपन्न पायऱ्या. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही नागरवाड्यातलं जुनं भाड्याचं घर सोडलं, तेव्हा ह्यांनी तळमजल्याचाच फ्लॅट हवा म्हणून हट्ट धरला. "तुझ्या गुडघ्यांना झेपायला नको का?" असं म्हणाले होते. मला ते प्रेमाचं वाटलं होतं. अजूनही ते प्रेमाचंच होतं असं मी धरून चालते.

राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी पावणेसहाला मी दुधाच्या पिशव्या घ्यायला दार उघडलं, तर जिन्याच्या तळाशी एक बाई एका पायावर उभी. सुती पाचवारी साडी, पाठीवर बारीक पांढरी वेणी, आणि हातात पांढरा कॅनव्हासचा बूट. उजव्या पायावर उभं राहून त्यांनी डावा बूट चढवला, नाडी बांधली. मग डाव्यावर उभं राहून उजवा. भिंतीला बोटसुद्धा लावलं नाही. बूट नेहमी खालीच घालायच्या, वरून हातात घेऊन यायच्या. का, ते मला पुढे कळलं. वर कुणी बघायला नसायचं.

"नवीन का?" त्यांनी विचारलं. "मी माने. वर असते. माझं वय किती असेल, सांग बघू."

पहिल्याच भेटीत असा प्रश्न विचारणारी बाई मी पाहिली नव्हती. मी चाचरत म्हटलं, "सत्तर?"

"पंच्याहत्तर चालू आहे," असं म्हणून त्या फाटकातून बाहेर पडल्यासुद्धा. कमाटीबागेत जाऊन, दोन फेऱ्या मारून, साडेसातला परत. मी तेव्हा एकसष्टची होते. पलंगावरून उठायचं तर आधी उशीला, मग खुर्चीला, मग देवाला हात लावून उठायची.

त्या दिवसापासून त्या मला 'तू' म्हणू लागल्या आणि मी त्यांना 'तुम्ही'. चौदा वर्षांचं अंतर म्हटल्यावर ते बरोबरच होतं.

विमलताईंचे आजोबा संस्थानच्या पागेत स्वार होते. हे त्या कुणालाही तिसऱ्या वाक्याला सांगायच्या. स्वतः त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून जन्म काढला. नवरा पन्नाशीच्या आतच गेला. एकुलता मुलगा शैलेश हरणीला नव्या सोसायटीत राहायचा. मोठा फ्लॅट, लिफ्ट, खाली बाग. दर रविवारी तो यायचा आणि दर रविवारी "आई, चल ना आता" म्हणायचा. त्या त्याला पोटभर जेवायला घालायच्या, डबा भरून द्यायच्या आणि त्याच्याबरोबर खाली उतरून, त्याची गाडी वळेपर्यंत उभं राहून परत चौपन्न पायऱ्या चढायच्या. माझ्या खिडकीतून ते सगळं दिसायचं. खिडकीतून बघणं हाच तेव्हा माझा व्यायाम.

एक्स्चेंजमधल्या नोकरीने त्यांना दोन गोष्टी दिल्या होत्या. एक आवाज, जो तिसऱ्या मजल्यावरून फाटकापर्यंत न ओरडता यायचा. आणि दुसरे कान. जिन्यात पाऊल वाजलं की कोण आलं ते त्या आतून सांगायच्या. फोन नंबरची वही त्यांच्या घरात नव्हती, सगळे नंबर तोंडपाठ. आमचा नंबर मलाच आठवेना तेव्हा हंसाबेननी तो त्यांना विचारला होता. हंसाबेन म्हणजे आमच्या वरच्या, पहिल्या मजल्यावरच्या. स्वभावाने अगदी लोण्यासारख्या, फक्त त्यांच्या कानात घातलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सोसायटीभर व्हायची.

माझ्या जळफळाटाला तेल घालायचं काम माझ्याच घरात चालू होतं. माझी सून मंजिरी फार गुणी. मी पाणी प्यायला उठले की "आई, तुम्ही बसा, मी देते," म्हणून पेला हातात आणून द्यायची. आणि तीच मंजिरी संध्याकाळी सांगायची, "आज विमलआजी खंडेराव मार्केटमधून भाजी घेऊन बसने आल्या, बघितलं का?" हे पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, "त्या मानेबाईंची कमाल आहे हां." बेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्या गोष्टीला ह्यांनी 'कमाल' म्हटल्याचं मला आठवत नाही.

भाजीचंही त्यांचं एक तंत्र होतं. दोन पिशव्या, दोन्हींत सारखं वजन. दुधी एकीकडे गेला की कांदे दुसरीकडे. एकदा फाटकाशी कुणी भल्या माणसाने त्यांच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला. त्या थांबल्या आणि गोड आवाजात गुजरातीत म्हणाल्या, "रेवा दो भाई, वजन मारुं छे." राहू द्या, वजन माझं आहे, हे ऐकून तो बिचारा ओशाळला. मी खिडकीत होते. मला बघून त्या म्हणाल्या, "एक पिशवी दिली असती तर मी वाकडी झाले असते ना गं."

आणखी एक त्यांचं वाक्य होतं, ते मला विषासारखं लागायचं. आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या असताना मंजिरीने मला नेहमीप्रमाणे पाणी आणून दिलं. विमलताईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "आयतं पाणी हाताला आलं की पाय विसरतात हो." सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. मग दोन दिवस मी मंजिरीशी धड बोलले नाही. तिचा काय दोष होता?

त्या गोड होत्या असं मुळीच नाही. कुणी कंबर धरून "आई गं" म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर सरळ कंटाळा दिसायचा. आजारपणाच्या गप्पा सुरू झाल्या की त्या उठून जायच्या. आपलं कौतुक मात्र त्यांना मनापासून आवडायचं. "ऐंशीला टेकले आता," असं त्या हटकून सांगायच्या आणि मग समोरच्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. समोरचा "काय सांगता!" म्हणाला की त्यांच्या गालावर लाली यायची. खरंच यायची, मी पाहिली आहे.

मी सहासष्टची असताना विश्वामित्री नदी चढली. मुलगा आणि मंजिरी लग्नासाठी सुरतेला गेलेले, घरात आम्ही दोघंच. सकाळी दहाला फाटकाशी पाणी होतं, अकराला व्हरांड्यात आलं. ह्यांनी कागदपत्रांची पेटी उचलून ओट्यावर ठेवायला घेतली, ती हातातून निसटली आणि पाण्यात पडली. मी पलंगावर पाय वर घेऊन बसले होते. रडत होते, कारण मला माहीत होतं की मला वर चढता येणार नाही. गेल्या पाच वर्षांत मी एकदाही पहिला मजला पाहिला नव्हता.

दारात विमलताई आल्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली.

"चल," म्हणाल्या.

"मला नाही जमायचं. तुम्ही ह्यांना घेऊन जा."

"त्यांना घेऊन काय करू? ते चढतील आपले आपण. तू ऊठ."

मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही.

"माझा हात नाही मिळणार. दोघी पडू. कठडा धर. तुझा कुठला गुडघा जास्त दुखतो? डावा? मग उजवा पाय आधी वर. चढताना शहाणा पाय पुढे, उतरताना वेडा. इतकंच लक्षात ठेव."

त्या माझ्या मागे एक पायरी खाली उभ्या राहिल्या. हे ओली पेटी घेऊन पुढे. प्रत्येक पायरीला विमलताई मागून "शहाणा" म्हणायच्या आणि मी उजवा पाय वर टाकायची. दुसऱ्या मजल्यावर मी पायरीवर बसायला गेले आणि म्हटलं, आता मेले तरी चालेल.

"टेक हवं तर. पण बसू नकोस. बसलेलं माणूस उठवायला वेळ जातो," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या मजल्यावर पोहोचायला आम्हाला पाऊण तास लागला. त्यांच्या दाराशी आल्यावर त्यांनी शाबासकी दिली नाही. "चहा टाकते," एवढंच म्हणाल्या.

तीन दिवस आम्ही त्यांच्याकडे होतो. वीज नाही, नळाला पाणी नाही, पण त्यांनी दोन बादल्या, तीन कळशा आणि सगळी पातेली आधीच भरून ठेवली होती. तिथं मी त्यांचं घर आतून पाहिलं. रोज लागणारे डबे मधल्या फळीवर नव्हतेच. तांदूळ खाली जमिनीलगत, चहा-साखर अगदी वरच्या फळीवर. मी विचारलं, "हे असं उलटं का?"

"मुद्दाम. भातासाठी वाकावं लागतं, चहासाठी ताणावं लागतं. नाहीतर कोण वाकतंय?"

कुकर लावला की त्या गॅससमोर एका पायावर उभ्या राहायच्या. शिट्टी झाली की पाय बदलायचा. तीन शिट्ट्यांचा भात, चारची डाळ. जेवायला जमिनीवर मांडी घालून बसायच्या आणि हात न टेकता उठायच्या. हे मला खुर्चीवर बसून बघावं लागत होतं, कारण मला जमिनीवर बसता येत नव्हतं. ह्यांचा चेहरा मी बघत नव्हते. बघायची गरजच नव्हती, तो कसा झाला असेल ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची ओली कागदं दोरीवर वाळत घातली होती. थोडी सुकल्यावर विमलताईंनी कपाटातून एक प्लॅस्टिकची फाइल काढली, त्यातली आपली कागदं काढून घेतली आणि मला दिली. "यात ठेव तुझी." त्या ताक करायला आत गेल्या. मी फाइल उघडली, तर तळाशी एक पिवळा पडलेला कागद राहून गेला होता. शाळा सोडल्याचा दाखला. कुमारी विमल, वडिलांचं नाव, आणि खाली जन्मतारीख.

मी आयुष्यभर मुलांचे दाखले लिहिलेले. जन्मसालावर नजर आपोआप गेली. मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. विमलताई ऐंशीच्या नव्हत्या. चौऱ्याहत्तरच्या होत्या. बाया सहा वर्षं कमी सांगतात, यांनी सहा वर्षं वाढवून सांगितली होती.

तो कागद मी गुपचूप त्यांच्या कागदांत सरकवला. आणि माझ्या मनाला जो आनंद झाला, तसा आनंद मला मुलगा झाला तेव्हाच झाला असेल. खाली आमच्या घरात कंबरभर पाणी होतं, गाद्या तरंगत होत्या, आणि मी वर बसून ताक पीत मनात म्हणत होते, चौऱ्याहत्तर! चौऱ्याहत्तरला कमाटीबागेत दोन फेऱ्या कुणीही मारेल.

ज्या बाईने मला पाण्यातून वर आणलं, तिच्याच घरात बसून मी हा विचार करत होते. लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

ही गोष्ट मी सहा महिने पोटात ठेवली. मग पाडव्याला सोसायटीतल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम ठरला. ऐंशी पुरी केलेल्यांचा सत्कार करायचा, शाल आणि नारळ. तिघांची नावं फलकावर लागली, त्यात पहिलं विमलताईंचं. ह्यांनाच दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. हे टेबलाशी बसून त्यांच्यावर भाषण लिहायला लागले. दोन पानं झाली. तिसरं पान घेतलं तेव्हा मी उठले, बाहेर गेले आणि जिन्यात भेटलेल्या हंसाबेनना म्हटलं, "तमने खबर छे, विमलताई ऐंशीच्या नाहीतच."

"हाय हाय! साच्चे?"

"दाखला बघितलाय मी."

संध्याकाळपर्यंत काम झालं.

पाडव्याला मांडव भरलेला होता. गुजराती शेजारीही आले होते. कुजबुज चालू होती. विमलताईंचं नाव पुकारलं. त्या पुढे गेल्या, बूट काढून व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढल्या. अध्यक्ष शाल घालायला गेले, तर त्यांनी हातानेच थांबवलं आणि माइक घेतला.

"मी ऐंशीची नाही. चौऱ्याहत्तर पुरी आहेत, पंच्याहत्तरावं चालू. इतकी वर्षं खोटं सांगितलं, ते माझं चुकलं. शाल सहा वर्षांनी घेईन. नीट घडी घालून ठेवा, कसर लागू देऊ नका."

मग हसण्याचा असा काही लोट उठला आणि टाळ्या अशा वाजल्या की बाकीच्या दोघांना मिळून तेवढ्या मिळाल्या नसतील. हे तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. हंसाबेन डोळे पुसत म्हणाल्या, "शुं बाई छे!" त्या अख्ख्या मांडवात एकटी मीच हसले नव्हते. आणि व्यासपीठावरून विमलताईंना ते दिसलं.

कार्यक्रम संपल्यावर त्या जिन्याच्या तळाशी माझी वाट बघत होत्या. सोसायटीत वेळोवेळी आमची किती भांडणं झाली असतील, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली.

"दाखला तूच पाहिलास ना? फाइलीत राहिला होता. तुम्ही खाली गेल्यावर माझ्या लक्षात आलं, माझ्या कागदांत तो उलटा घातलेला होता."

मी कठडा धरला.

"विचार, मी असं का सांगत होते ते."

"का?" मी विचारलं.

"तू इथं राहायला आलीस त्या वर्षी शैलेश मला न्यायलाच बसला होता. एकोणसत्तरची होते. रिटायर झालेली, एकटी, विधवा बाई. जो तो हात धरायला यायचा. बसा, दमला असाल, कशाला चढउतार करता. एक दिवस बागेत कुणीतरी वय विचारलं. मी गंमत म्हणून पंच्याहत्तर सांगितलं. अगं, त्या माणसाने हात जोडले! तेव्हापासून सगळे हात धरायचं सोडून टाळ्या वाजवायला लागले. शैलेशलासुद्धा लोक सांगायचे, तुझी आई म्हणजे काय! मग त्याला मला न्यायची चोरी झाली. मला टाळ्या आवडतात, ते खरंच आहे. पण त्याहून जास्त, मला हात नको होते."

मग त्यांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं.

"मी सहा वर्षं माझ्या तोंडाने वाढवली. तू सहासष्टची आहेस. खुर्चीला धरल्याशिवाय उठत नाहीस, स्वतःच्या घरात पाणी मागून पितेस. तुझं वय कुणी वाढवलं, सुधा?"

आणि त्या चढून गेल्या. अजिबात न थांबता. मी खाली उभी राहून तिसऱ्या मजल्यावर कडी वाजेपर्यंत ऐकत राहिले.

त्या रागाने मी आठ दिवस पेटले होते. नवव्या दिवशी दुपारी सगळे झोपलेले असताना मी जिन्याशी गेले. चांगलं व्हावं, तब्येत सुधारावी असं काही माझ्या मनात नव्हतं. त्या बाईला दाखवायचं होतं, बस्स. शहाणा पाय पुढे टाकत सात पायऱ्या चढले आणि परत आले. दुसऱ्या दिवशीही सातच. मग दहा. पहिला मजला दिसायला तीन आठवडे लागले. हंसाबेनचं दार उघडं असेल तर मी वाटेतूनच परतायची. घरात कुणाला सांगितलं नाही. एक दिवस मंजिरी पाण्याचा पेला घेऊन आली, तेव्हा "ठेव तिथं, मी घेते," म्हणाले. ती घाबरली. तिला वाटलं, मी रुसले.

पावसाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी मी तिसऱ्या मजल्यावर पोहोचले. छाती भात्यासारखी चालली होती. घंटा वाजवायची की गुपचूप परत फिरायचं, याचा विचार करत होते, तेवढ्यात दार उघडलं.

"आलीस? काल सेहेचाळीसवर सोडलं होतंस," विमलताई म्हणाल्या.

"तुम्हाला काय माहीत?"

"पाऊल ऐकते ना. सात होत्या तेव्हापासून मोजतेय. ये, चहा टाकते."

दोन महिने रोज दुपारी आतल्या खोलीत बसून ही बाई माझी पावलं मोजत होती आणि जिन्यात कधी भेटली तर एका शब्दानं बोलली नव्हती. मी चहा प्यायले. भांडण मिटलं की नाही, ते आम्ही दोघींनीही विचारलं नाही. हेवा गेला का? नाही. उलट जास्त झाला. आधी लांबून वाटायचा, आता चढून जाऊन वाटायला लागला.

दोन वर्षं हे असंच चाललं. मग एका दिवाळीच्या आधी, सकाळी अकराच्या सुमाराला, आमचा फोन वाजला.

"सुधा, वर ये. घाई करू नकोस. कठडा धर," आवाज अगदी एक्स्चेंजमधला होता.

"काय झालं?"

"पंखा पुसताना स्टुलावरून पडले. शैलेशला मी सांगितलंय, तो निघालाय. दार नुसतं लोटलेलं आहे."

मी चढायला लागले. पहिल्या मजल्यापर्यंत माझ्या मनात जे आलं, ते इथं लिहायलाच हवं, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही. मनात आलं, पडली एकदाची. ते आलं, आणि त्याच्या मागोमाग मला कठडा दोन्ही हातांनी धरावा लागला. मग मी थांबले नाही.

त्या बाहेरच्या खोलीत फोनखाली जमिनीवर होत्या. स्वयंपाकघरापासून तिथपर्यंत घसटत आल्या होत्या. डावा पाय बाहेरच्या अंगाला फिरलेला. चेहरा पांढरा पडला होता, पण साडी पायांवर नीट ओढून घेतलेली. मी शेजारी बसले. जमिनीवर, धप्पकन. कशी बसले, कळलं नाही.

"कितव्या पायरीला थांबलीस?" त्यांनी विचारलं.

"थांबले नाही."

"बघ," असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात धरला. आठ वर्षांत पहिल्यांदा. शैलेश येईपर्यंत सोडला नाही. हात बर्फासारखा गार होता आणि पकड अशी होती की माझी बोटं दुखली.

खुब्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून शैलेशने त्यांना थेट हरणीला नेलं. जिने चढायचे नाहीत म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे आली. दर गुरुवारी मी वर जाऊन खिडक्या उघडायची, नळ सोडून बघायची, धूळ झटकायची. पहिल्यांदा गेले त्या दिवशी मी वरच्या फळीवरचा चहाचा डबा काढून बघितला. काढता आला. कुणी बघत नव्हतं, याचं मला वाईट वाटलं.

हरणीला मी दोनदा गेले. पहिल्या वेळी ह्यांच्याबरोबर. विमलताई पलंगावर होत्या, त्यांच्या मदतीला दिवसभराची बाई ठेवलेली. सून चांगली होती, सगळं हाताशी होतं. ह्यांची पाठ वळल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, "इथं कुणी काही करू देत नाही गं. प्रेमाने मारतील मला." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून मला बरं वाटलं नाही, हे मी माझ्या बाजूने नमूद करते.

दुसऱ्या वेळी, तीन महिन्यांनी, मी एकटी गेले. रिक्षा करून. कित्येक वर्षांत एकटी रिक्षात बसले नव्हते. त्या वॉकर घेऊन चालायला लागल्या होत्या. वॉकर आधी पुढे, मग पाय, मग दुसरा. बाई मागे मागे "बा, धीमे, बा, बेसी जाओ" करत होती आणि या ऐकत नव्हत्या. वजन उतरलं होतं, वेणी दोऱ्यासारखी झाली होती. आम्ही बोललो ते सगळं किरकोळ. हंसाबेनची नात, महागलेली मेथी, त्यांच्या खिडकीची न लागणारी कडी.

मी निघाले तर त्या उठल्या. "खालपर्यंत येते."

सून नको म्हणाली, बाई नको म्हणाली. त्या लिफ्टमधून माझ्याबरोबर खाली आल्या, फरशीवर वॉकर टक टक करत फाटकाशी आल्या. तेवढ्या चालण्याला पाच मिनिटं लागली. कपाळावर घाम होता. रिक्षा उभी होती. मी एक पाय पायरीवर ठेवला, तसा रिक्षावाला माझ्या दंडाला धरायला घाईघाईने उतरला.

"रेवा दो भाई," विमलताई म्हणाल्या. त्या आवाजाने तो जागीच थांबला. "ए जाते चढशे."

मी चढले. त्या म्हणाल्या तशी, आपली आपण. आत बसून पदर सारखा केला आणि निरोप घ्यायला मान बाहेर काढली, तर त्या वळल्या होत्या. बाईने पुढे केलेला हात त्यांनी कोपराने बाजूला सारला. एक पाऊल टाकलं, थांबल्या, श्वास घेतला, दुसरं टाकलं. मी रिक्षावाल्याला थोडं थांबायला सांगितलं. लिफ्टच्या दारापर्यंत पंधरा-वीस पावलं असतील. पुढच्या महिन्यात त्या गेल्या, झोपेतच, त्यामुळे मला दिसलेल्या विमलताई त्या एवढ्याच. ती पंधरा-वीस पावलं त्या ज्या ताठ मानेनं गेल्या, तिचा मला तिथं रिक्षात बसल्याबसल्यासुद्धा हेवा वाटला.